वही कुणी नेली

तिसऱ्या मजल्यावरची ती वही मी वर नेऊन दिली होती. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितोय. बोललो तर कधीच नाही. बायकोला ठाऊक नाही. वडील गेले, त्यांनाही ठाऊक नव्हतं. रविवारी देवळात पापांगीकाराच्या, म्हणजे आपापली पापं मनात कबूल करायच्या, वेळी डोळे मिटून उभा राहतो तेव्हासुद्धा मी दुसऱ्या चार गोष्टी मनात आणतो आणि ही बाजूला ठेवतो. वही मी दिली आणि आळ आला माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका हरियाणवी नर्सवर. तो आजही तिच्यावरच आहे.

मी नर्स आहे. हे सांगितलं की माणसं एकदा "काय?" म्हणतात, आणि मग "म्हणजे कंपाउंडर का?" असं विचारतात. हॉस्पिटलात आम्हाला ब्रदर म्हणतात. आमचं घराणं मूळचं नगर जिल्ह्यातलं, मराठी ख्रिस्ती. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, म्हणून मी वाढलो दिल्लीत, आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये. शिकायला मिरजेला गेलो आणि परत आलो तेव्हा फरीदाबादमध्ये नवे सेक्टर वसत होते. शेतांच्या जागी कोठ्या, म्हणजे बंगले, उभ्या राहत होत्या आणि कोठ्यांच्या मागोमाग खाजगी हॉस्पिटलं. अशाच एका हॉस्पिटलात, पहिल्या वर्षी रंगाचा वास पूर्ण गेलेला नसताना, मी लागलो. तिसरा मजला, पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड, अठ्ठावीस खाटा. निम्म्या खाटांवर कारखान्यांतले कामगार, प्रेसमध्ये बोटं गेलेले. निम्म्यांवर सेक्टरातले व्यापारी, हर्नियाचे आणि पित्ताशयाचे.

वॉर्डाची इन्चार्ज कोट्टयमकडची होती. पन्नाशीची, बुटकी, चष्म्याची दोरी गळ्यात. मल्याळी मुली तिला चेची म्हणत, म्हणजे ताई, आणि त्यांचं ऐकून सगळाच वॉर्ड चेची म्हणायला लागला. सर्जनसुद्धा. तिच्या हिंदीत बाया 'आता है, जाता है' करत आणि पुरुष 'आती है', पण त्या हिंदीपुढे उभं राहून खोटं बोलायची कुणाची छाती नव्हती.

दुसरी रांचीवाली. खरं म्हणजे गाव सिमडेग्याकडचं, पण दिल्लीत झारखंडचं कुणीही असो, ते रांचीचंच. अंगानं बारीक आणि आवाज त्याहून बारीक. तिच्या बोटांना शीर सापडायची. डॉक्टरांनी तीनदा टोचून सोडून दिलेला हात ती हातात घ्यायची, डोळे दुसरीकडेच, जणू खिडकीबाहेर काहीतरी ऐकतेय, आणि सुई आत.

आणि तिसरी रोहतककडची, जिला सगळे चौधराइन म्हणायचे. उंच, हाडापेरानं मोठी, बोलायला फटकळ. वॉर्डात बिडी ओढणारे म्हातारे ताऊ, खाटेवर पाय वर घेऊन बसणारे सहा-सहा नातेवाईक, हा तिचा प्रांत. "ए ताऊ! बीड़ी बाहर, ताऊ भीतर. ना तो दोनूं बाहर." ताऊ हसत बिडी विझवायचा. चेचीनं हेच तिच्या हिंदीत सांगितलं असतं तर त्यानं कान खाजवला असता.

मिझोरमची एक, तीन-चार मल्याळी मुली, एक अलिगढची, अशा आणखीही होत्या. पण ही गोष्ट या तिघींची आणि माझी.

मी नवा असताना मला वाटायचं, या इतक्या ठिकाणच्या बाया एका वॉर्डात टिकतात कशा? जेवणाच्या खोलीत एकीचा डबा उघडला की दुसरी खिडकी उघडायची. एकमेकींच्या भाषेला त्या नावं ठेवायच्या. "तुम लोग बोलती हो या टीन के डब्बे में कंकड़ हिलाती हो?" हे चौधराइननं मल्याळी मुलींना तोंडावर विचारलं होतं. त्यांतल्या एकीनं शांतपणे उत्तर दिलं, "और तुम बोलती हो तो पेशंट पूछता है, सिस्टर लड़ क्यों रही है." सगळ्यांत जोरात हसली ती चौधराइनच.

टिकण्याचं गुपित मला तीन महिन्यांनी कळलं. ते चादरींच्या कपाटात होतं.

भिंतीवर ड्यूटीचं रोस्टर लागायचं, टाइप केलेलं, नर्सिंग सुपरिंटेंडेंटच्या सहीचं. ते होतं वरच्यांसाठी. खरं रोस्टर कपाटात, धुतलेल्या चादरींच्या तिसऱ्या घडीखाली, एका लांबट वहीत, पेन्सिलनं. ज्या दिवशी जिला सुटी हवी, ती त्या तारखेच्या पुढे नुसता एक गोल काढायची. कारण लिहायचं नाही. विचारायचंही नाही. दुसऱ्या कुणीतरी त्या गोलात आपलं आद्याक्षर भरायचं. झालं. नाताळला चौधराइन आणि अलिगढवाली मॉर्निंगला. करवा चौथला मल्याळी मुली संध्याकाळची ड्यूटी उचलायच्या. ईदला मिझो मुलगी. कुणाची नर्सिंगची पुढची परीक्षा, कुणाचा गावाहून आलेला बाप, कुणाला नुसतंच रडून घ्यायचं असेल, सगळं त्या गोलांत मावायचं.

मला सगळ्यांत थक्क केलं ते पुढच्या गोष्टीनं. महिना संपला की चेची खोडरबर घेऊन बसायची आणि अख्खं पान पुसायची. मी विचारलं, चेची, राहू द्या ना, कुणी कुणासाठी किती केलं ते कळेल. ती चष्म्यावरून बघत म्हणाली, "इसीलिए तो मिटाता है. गिनेगा तो झगड़ा करेगा."

त्या वर्षी वहीत एक गोल रोजचा होता. रांचीवालीला चार महिन्यांचं मूल होतं. नोकरी कच्ची, बाळंतपणाची रजा मिळालीच नव्हती. हॉस्पिटलच्या मागे, सेक्टरांच्या कचाट्यात सापडलेलं एक जुनं गाव होतं, तिथे तिची भाड्याची खोली. सासू मूल सांभाळायची. रोज साडेदहाला, डॉक्टरांचा राउंड आटोपला की रांचीवाली मागच्या जिन्यानं जायची, मुलाला पाजायची आणि सव्वाअकराला परत. तेवढा वेळ तिच्या खाटा दुसरी कुणी बघायची. हे चार महिने चाललं. एकही सलाइन रिकामं लटकलं नाही.

आता माझं.

संक्रांतीला आमच्या दिल्लीतल्या मराठी मंडळाची बस पानिपतला, काला अंबच्या स्मारकाला जायची. वडील दरवर्षी जायचे, त्या वर्षी मीही गेलो. बसमध्ये शेजारी एक गृहस्थ बसले. पुण्याचे, एमबीए, पस्तिशीचे, अंगात चांगला ब्लेझर. बोलता बोलता कळलं की आमच्याच हॉस्पिटलात नवे अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून आलेत. "अरे वा! म्हणजे तू आपला माणूस निघालास की!" तिथपासून साहेब मला हॉस्पिटलातही मराठीतच हाक मारायचे. लिफ्टमध्ये, लोकांच्या देखत. मला ते फार आवडायचं. मी दिल्लीत वाढलेला. माझ्या मराठीत 'बिल्कुल' आणि 'अच्छा' शिंपडलेले. साहेब हसून दुरुस्त करायचे आणि त्या दुरुस्तीचाही मला अभिमान वाटायचा. तीन वर्षं मी त्या वॉर्डात 'ब्रदर, जरा उठाना' एवढाच होतो, जड पेशंट उचलायला. साहेबांच्या केबिनमध्ये मी कुणाचातरी माणूस होतो.

मार्चमध्ये त्यांनी मला वर बोलावलं. रोस्टर कॉम्प्युटरवर घ्यायचं होतं, कार्ड पंच करायचं मशीन यायचं होतं आणि सगळं सांभाळायला एक क्वालिटी को-ऑर्डिनेटर हवा होता. "नर्सिंगमधलाच कुणीतरी हवाय. डोकं असलेला. तुझा वॉर्ड सगळ्यांत कमी गैरहजेरीचा आहे. कसं काय जमवता रे तुम्ही?"

मी सांगितलं. सांगताना मला भरून आलं होतं, हे खोटं नाही. चेचीचं खोडरबर, नाताळची मॉर्निंग, साडेदहाचा गोल, सगळं. साहेब म्हणाले, "कमाल आहे. बघायला मिळेल?" आणि मी खाली गेलो, चादरींची तिसरी घडी उचलली आणि वही वर नेली. त्यांनी तिची पानं झेरॉक्स करून घेतली. अर्ध्या तासात वही परत जागेवर होती.

कौतुक खरं होतं. आणि मला ती खुर्ची हवी होती. इतकी वर्षं मी स्वतःला फक्त पहिलं वाक्य सांगत आलो.

हा गुरुवार होता. त्याआधीच्या मंगळवारी वॉर्डात एक भांडण झालं होतं. रांचीवालीचं मूल तापलं होतं, तिला यायला बारा वाजले. तेवढ्यात तिच्या एका पेशंटनं नाकातली नळी उपसून काढली आणि चौदा खाटा एकटी बघणारी चौधराइन भडकली. सगळ्यांसमोर, पेशंटांसमोर ती ओरडली, "रोज का हो गया यो! किसी दिन ऊपर जाकै बोल दूंगी, फेर देखियो!" रांचीवाली नळी घालायला बसली. बुधवारी साडेदहाच्या गोलात आद्याक्षर होतं चौधराइनचंच. पण बुधवार कुणाच्या लक्षात राहिला नाही. मंगळवार राहिला.

सोमवारी साडेदहाला मागच्या जिन्याच्या दारात सिक्युरिटीचा माणूस उभा होता. रांचीवालीला त्यानं जाऊ दिलं, वेळ लिहून घेतली आणि परत आल्यावर सरळ वर नेलं. ड्यूटीवर असताना हॉस्पिटलबाहेर. कच्ची नोकरी, दुपारपर्यंत संपली. चेची धावत वर गेली. तिच्या समोर झेरॉक्सचे कागद ठेवले गेले. ती म्हणाली, वही माझी आहे, मी तिला पाठवत होते, मला काढा. साहेबांनी तिला काढलं नाही. लेखी ताकीद दिली, तिच्या सव्वीस वर्षांच्या नोकरीतली पहिली. खाली येऊन तिनं वही बाहेर काढली, मधोमध फाडली आणि पिवळ्या बादलीत टाकली, जिच्यात आम्ही रक्ताचे बोळे टाकतो. कुणाकडेही न बघता म्हणाली, "घर का आदमी दिया है."

सगळ्यांनी चौधराइनकडे बघितलं. मीही बघितलं. सगळे बघत होते म्हणून नाही. मी बघितलं नसतं तर कुणीतरी माझ्याकडे बघितलं असतं म्हणून.

त्यानंतर नऊ महिने तिसऱ्या मजल्यावर चौधराइनशी कामापुरतं सोडून कुणी बोललं नाही. भांडण नाही, टोमणा नाही. टोमणा मारला असता तर तिला बरं वाटलं असतं; तिची ती भाषाच होती. चहाला तिला हाक जायची थांबली. ती जेवणाच्या खोलीत आली की मल्याळी मुलींना अचानक काम आठवायचं. अलिगढवाली तिच्याशी हिंदीत 'आप' म्हणून बोलायला लागली, त्याहून लांब कुणाला लोटता येत नाही.

नर्सचं अर्धं काम जोडीचं असतं. बेशुद्ध माणसाखालची चादर बदलायची तर एक या बाजूला, एक त्या बाजूला. कूस बदलायची तर दोघं. चौधराइनच्या समोर उभं राहायला कुणी तयार नसायचं, मग मी उभा राहायचो. मला वाटायचं, एवढं तरी करावं. आम्ही दोघं दिवसाला वीस-वीस खाटा करायचो, कोपरा ताणून, पंचेचाळीस अंशात दुमडून, चेचीनं शिकवला तसा. तिनं काम एका सुतानंही सैल केलं नाही. ज्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली होती त्यांच्या पेशंटचीही बेल वाजली तर तीच आधी पोचायची. एकदा मिझो मुलीला ड्यूटीवर चक्कर आली, तर हिनं तिला उचलून खाटेवर निजवलं, तिच्या सात खाटा स्वतः केल्या आणि तिला शुद्ध यायच्या आत खोलीतून निघून गेली, आभार मानायची अडचण तिच्यावर नको म्हणून.

एके सकाळी चादरीच्या पलीकडून तिनं मला विचारलं, "ब्रदर, तन्नै बेरा सै, कॉपी किसनै दी?"

बेरा म्हणजे ठाऊक, कॉपी म्हणजे वही. मी कोपरा दुमडत होतो.

"नहीं," मी म्हणालो. "मुझे क्या पता."

"मन्नै तो ना दी."

"अच्छा."

"तू तो मानै सै ना?"

"बिल्कुल."

तिनं उशी झटकली. म्हणाली, "पूरे वार्ड मैं एक तू सै जो मेरे सामनै खड़ा होवै सै. मेरी मां नै भी बता राख्या सै तेरे बारे मैं."

ऑगस्टमध्ये तिनं मला राखी बांधली. गावाहून आईनं चुरमा दिला होता, स्टीलच्या डब्यात, तुपानं जड झालेला. मी तो घरी नेला. वडील म्हणाले, कुणी दिला रे? मी म्हणालो, एका सिस्टरनं. तो आम्ही चार दिवस खाल्ला.

सप्टेंबरमध्ये मला ती खुर्ची मिळाली. मी घेतली.

नव्या पद्धतीत ड्यूटी बदलायची तर छापील फॉर्म, दोघींच्या सह्या, कारण, आणि माझा शिक्का. पहिले तीन महिने एकही फॉर्म आला नाही. रोस्टर कॉम्प्युटरातून येईल तसं; नवरात्रात उपासाच्या बाया चक्कर येईपर्यंत उभ्या, तिकडे बाकीच्या मोकळ्या. साहेबांना आकडे छान दिसत होते. वॉर्ड मला दिसत होता.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला फॉर्म आला. अक्षर मोठं, शाळकरी. चौधराइननं आपली पंचवीस तारखेची साप्ताहिक सुटी सोडून त्या दिवशीची मॉर्निंग मागितली होती, चेचीच्या बदली. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'हर साल का है.' चेचीच्या सहीची जागा रिकामी. कुणी तिला विचारलं नव्हतं, विचारणार कोण? मी फॉर्म चेचीकडे पाठवायचा, ते सोडून स्वतः घेऊन गेलो. चेचीनं चष्मा लावला, काढला, परत लावला. मग सही केली. आणि पाच मिनिटांत आणखी तीन कोरे फॉर्म माझ्याकडून मागून नेले. जानेवारीपर्यंत त्या बायांनी ते फॉर्म असे वाकवले होते की वहीतल्या गोलांहून कमी वेळ लागायचा. कारणाच्या रकान्यात सगळ्याजणी एकच लिहायच्या, 'हर साल का है.' तो छापील कागदही त्यांनी आपला करून टाकला. मी अशी माणसं पुन्हा कुठे पाहिली नाहीत.

सव्वीस तारखेला चेचीनं केक आणला, मनुकांचा, काळसर. मीही खाली गेलो होतो. तिनं पहिला तुकडा कापला आणि चौधराइनच्या हातात दिला.

"जो हुआ सो हुआ," चेची म्हणाली. "चाय पियो."

चौधराइनच्या हातात तुकडा तसाच. "के हुआ, चेची? मन्नै के करा?"

"छोड़ो अब. हम माफ किया."

"पर मन्नै..."

"अरे खा ना, चौधराइन!" मल्याळी मुलींतली एक म्हणाली. "अब ये भी झगड़ा करके खाएगी?"

सगळ्या हसल्या. नऊ महिन्यांची गाठ त्या हसण्यात सुटली. चौधराइननं एकदा सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं. मग तिनं केक खाल्ला. ती त्यांच्यात परत आली, पण जे तिनं केलंच नव्हतं त्याची माफी घेऊन. खोलीत मी होतो. मला बोलायला त्याहून सोपा क्षण आयुष्यात मिळणार नव्हता. माझ्या तोंडात केक होता. तो गिळून झाल्यावरही मी बोललो नाही.

रांचीवालीला चेचीनंच बल्लभगढच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये लावून दिलं. मूल एक वर्षाचं झाल्यावर ती गावी परतली आणि पुढे तिकडच्या सरकारी दवाखान्यात लागली. साहेब दोन वर्षांत गुडगावला मोठ्या पगारावर गेले. जाताना मला म्हणाले, "टचमध्ये राहा." राहिलो नाही.

आता तिसऱ्या मजल्यावरच्या सगळ्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. चेची कोट्टयमहून नातवंडांचे फोटो टाकते. चौधराइन रोहतकला असते, गुडघे दुखतात म्हणते, आणि राखीला मला अजून पाकीट पाठवते. गेल्या महिन्यात ग्रुपवर एकीनं मुलीचं लग्न ठरल्याचं कळवलं आणि लिहिलं, तारीख अजून कुणाला सांगू नका. त्याच्याखाली अलिगढवालीनं लिहिलं, "चौधराइन से छुपाना, ऊपर पहुँचा देगी." हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. रांचीवालीचाही एक चेहरा होता. थोड्या वेळानं चौधराइननंही एक टाकला.

पंचवीस वर्षांनंतर ती थट्टा झाली आहे, कुणाच्या मनात राग नाही, आणि म्हणूनच ती आता कधीच पुसली जाणार नाही, जोवर मी बोलत नाही.

मला आधी रोहतकला जायचं आहे आणि चौधराइनला समोर बसून सांगायचं आहे की वही मी दिली, आणि त्या सकाळी चादरीपलीकडून तिनं विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. मग तेच त्या ग्रुपवर, सगळ्यांना दिसेल असं लिहायचं आहे. आणि रांचीवालीला वेगळा फोन करायचा आहे, कारण तिची नोकरी माझ्यामुळे गेली. या तिन्हींपैकी मी अजून एकही केलेलं नाही.